साबणाची मूठ

सोलापुरात उन्हाळा येत नाही, तो इथलाच रहिवासी आहे. पावसाळा आणि थंडी पाहुण्यांसारखी येतात, चहा घेतात आणि निघून जातात. तरीही दरवर्षी चैत्र अर्धा सरला, कडुनिंबाखाली मोहराचा चुरा पडू लागला आणि कुणाच्या तरी गच्चीवर जुन्या साड्या अंथरून त्यावर कुरडया घातलेल्या दिसल्या, की मी बाल्कनीतून आत येते. सून विचारते, "आई, उन्हाचा त्रास होतोय का?" मी हो म्हणते. ऊन बिचारं, त्याच्या अंगावर काहीही घातलं तरी खपतं.

त्रास होतो तो एका उन्हाळ्याचा, सत्तरच्या दशकातल्या. मोठा दुष्काळ ओसरून दोनेक वर्षं झाली होती. साखर पेठेत आमचं तीन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं. घरात सासूबाई, ज्यांना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणत असे, आमचे हे, आणि दोन दीर. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरातले पुरुष गिरणीच्या भोंग्यावर उठायचे, जेवायचे आणि झोपायचे. मी आणि आत्याबाई त्या भोंग्याच्या थोडं आधी उठायचो, एवढाच काय तो फरक.

त्या सकाळी कुरडयांच्या चिकाचं गरम पातेलं घेऊन मी शेजारच्या गच्चीची शिडी चढत होते. साडीचा काठ पायात आला. पातेलं सोडलं असतं तर हातांनी शिडी धरता आली असती, पण पातेलं सोडायचं डोक्यातच आलं नाही. चीक वाचला आणि माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. आत्याबाई पुढे कितीतरी वर्षं आल्यागेल्याला सांगत, "पडली, पण चीक सांडू दिला न्हाय हो पोरीनं." हे माझं कौतुक होतं.

मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी यांना बाजूला घेऊन सांगितलं, पण दवाखान्याची खोली एवढीशी होती की मलाही सगळं ऐकू आलं. पाय चालेल, मात्र गुडघा पूर्वीसारखा वाकणार नाही. मांडी घालून बसता येणार नाही, उकिडवं तर नाहीच. हे नुसती मान हलवत होते. एवढ्या एका वाक्याने आपल्या घरातलं काय काय गेलं याचा हिशोब त्यांच्या डोक्यात नव्हता. माझ्या डोक्यात तो दवाखान्याच्या पायऱ्या उतरायच्या आतच सुरू झाला होता.

कारण आमचं सगळं घर जमिनीवर होतं. चूल जमिनीवर, स्टो जमिनीवर, विळी, पोळपाट, परात, पाटा-वरवंटा, जेवणाची ताटं, सगळं खाली. बाईने उभं राहून करावं असं घरात पाणी भरण्याशिवाय काही नव्हतं.

माजघरात लोखंडी पलंग टाकून मला त्यावर ठेवलं. ठेवलं असंच म्हणते, कारण पहिले कित्येक दिवस मला दुसऱ्याने उचलल्याशिवाय हलता येत नव्हतं. वर पत्रा तापायचा, मध्ये मी, खाली गादी तापायची. प्लास्टरच्या आत खाज सुटायची ती अशी की रडू यायचं, आणि आत शिरणारी वस्तू एकच, स्वेटर विणायची लांब सुई. सोलापूरच्या वैशाखात स्वेटरच्या सुईचा दुसरा काही उपयोग नव्हताच. दुपारी सगळे पांगले की मला वाटायचं, आपल्याला भिंतीत चिणलंय आणि तोंड तेवढं श्वासाला बाहेर ठेवलंय. ओरडावं वाटायचं. पण ओरडून सांगायचं काय, हे ठरत नव्हतं.

पलंगावरून स्वयंपाकघराचं अर्धं दार दिसायचं, आणि त्यात आत्याबाईंची पाठ. एक पाय दुमडून, दुसरा विळीच्या पाटावर रोवून त्या दोडका, गवार, कांदे चिरत बसायच्या. मधूनच हात थांबायचा आणि दुसऱ्या हाताचं मनगट चोळायचा. आत्याबाई दुष्ट नव्हत्या, हे मी त्या काळातसुद्धा मनाशी म्हणत असे. त्या दमल्या होत्या. माझ्या येण्याने त्यांचे हात नुकते कुठे मोकळे झाले होते, आणि आता पुन्हा पाच माणसांचं, वर माझं अंथरुणातलं, सगळं त्यांच्यावर आलं होतं.

एके दिवशी त्यांनी यांना वाढता वाढता विषय काढलाच.

"मोहोळला निरोप धाडा. मुऱ्हाळी येऊ दे तिचा. प्लास्टर निघालं की जाऊ दे म्हायेरी."

"किती दिवस?" हे म्हणाले.

"राहू दे की. पाय सुधारला की बघू."

मुऱ्हाळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला आलेलं माणूस. एरवी या शब्दाने सासुरवाशिणीच्या अंगावर मूठभर मांस चढतं. मला धास्ती बसली ती त्या 'बघू'ने. समोरच्या घरातली थोरली सून अशीच तब्येत सुधारायला माहेरी गेली होती. तिच्या जागी दुसरी आली, तेव्हा तिच्या हळदीकुंकवाला आम्ही दोघी सासू-सुना नटून गेलो होतो, ओटीत गहू घेऊन आलो होतो. न वाकणाऱ्या पायाच्या बाईला जमिनीवरच्या घरात कोण किती दिवस ठेवून घेणार? यांनी ताक मागितलं.

त्याच आठवड्यात दस्तगीरभाई कलिंगड घेऊन मला बघायला आले. हे आणि ते लहानपणापासून एका तालमीतले. गल्लीच्या टोकाला त्यांची शेड होती. भाता, ऐरण आणि ट्रकच्या मोडक्या कमानींचा, म्हणजे स्प्रिंगच्या पाट्यांचा, ढीग. त्यांतून ते खाटकांचे सुरे आणि धनगरांच्या कात्र्या बनवायचे. बोलायला मोकळे, थोडे बढाईखोर, आणि चूक दाखवली की रुसणारे. त्यांनी उभ्याउभ्याच कमरेची सुरी काढली, कलिंगड डाव्या तळव्यावर घेतलं आणि ताटलीवर फोडी पाडल्या. मी बघतच राहिले. कलिंगड जागच्या जागी होतं आणि पातं फिरत होतं. हे जगात नवीन नव्हतं, हॉटेलात सगळे असंच चिरतात. पण आमच्या स्वयंपाकघरात सुरी नव्हतीच. सुरी खाटकाची, विळी बाईची, अशी आपली वाटणी होती.

"दस्तगीरभाई, मला एक करून द्याल?"

"सुरा? तुमी काय करणार वहिनी सुरा घेऊन?"

"दोडका चिरीन."

ते हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले आणि म्हणाले, "पुठ्ठ्यावर काढून द्या. कशी पायजे ती."

साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, शिसपेन्सिल आणि कात्री. मला वाटतं, त्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा सकाळ व्हावीशी वाटली ती त्या पुठ्ठ्यामुळे. मी मन लावून एक आकार कापला. चंद्रकोरीसारखा वळलेला, आतल्या बाजूला धार, खाली मूठ. दस्तगीरभाईंनी तो उलटासुलटा केला.

"ये तो उलटं झालं की वहिनी. धार तुमच्याकडं तोंड करून बसलीय."

"मला अशीच पाहिजे."

"नक्को म्हणतो मी."

"दादा, चिरायचं मला आहे की तुम्हाला?"

ते रुसले आणि त्यांनी अगदी पुठ्ठ्याबरहुकूम सुरी करून आणली. चकचकीत. मी मूठ डाव्या हातात उभी धरून प्लास्टरवर टेकवली आणि दुधीचा तुकडा उजव्या हाताने पात्यावर ढकलायला गेले, तेव्हा कळलं की मी सुरी काढलीच नव्हती. मी विळी काढली होती, फक्त तिच्याखालचा पाट काढून घेतला होता. धरायला पाय नाही, दाबायला पाट नाही. सुरी गरकन फिरली आणि निऱ्या कापत प्लास्टरमध्ये रुतून बसली. प्लास्टर नसतं तर मांडीचं काही खरं नव्हतं. धाकटे दीर पोट धरून हसले. आत्याबाईंनी सुरी उपसून माळ्यावर टाकली. "बास झालं ह्ये खूळ," त्या म्हणाल्या, आणि त्याच दुपारी मोहोळकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर माझ्या वडिलांना निरोप गेला.

त्यानंतर मी खूप विचार केला. पडून राहिलेल्या माणसाला तेवढंच येतं. आठव्या-नवव्या वर्षापासून माझ्या हातांना एकच शिकवण होती, की पातं हलत नसतं. ते आपल्या जागी ठाम असतं, आणि जे काही चिरायचं ते आपण दोन्ही हातांनी त्याच्यापुढे न्यायचं. ही शिकवण दोडक्यापुरती असती तर प्रश्न नव्हता. मी घरात सगळीकडे अशीच वागत होते. पातं आपल्या हातात घ्यायचं तर नुसता पुठ्ठा बदलून भागणार नव्हतं, हे मला कळलं आणि त्याची मला भीती वाटली.

पण निरोप गेलेला होता. मी पुन्हा कात्री घेतली.

पोळपाट प्लास्टरवर ठेवला. दगडासारखी टणक, न हलणारी अशी जागा माझ्या अंगावर आयतीच होती, तिचं टेबल करायचं इतके दिवस सुचलं नव्हतं एवढंच. पुठ्ठ्याची पाती करून ती लाटण्याला दोऱ्याने बांधायची आणि खोटं खोटं चिरून बघायचं. पात्याची धार आणि मूठ एका रेषेत ठेवली की बोटांची पेरं पोळपाटावर आपटायची. मग पातं मुठीच्या खाली उतरवलं, बोटांना जागा केली. धार अगदी सरळ ठेवली तर कोथिंबीर नीट कापली जाईना, म्हणून तिला किंचित पोट दिलं. म्हणजे टोक टेकवून मागून दाबत गेलं की झालं. टोक अणकुचीदार नको, कारण तसलं हत्यार आत्याबाईंनी घरात येऊ दिलं नसतं. ते खाली झुकवून बोथट केलं. कणा मात्र मला जाड हवा होता, कैरीची बाठ फुटावी म्हणून. लोणच्याचे दिवस तोंडावर होते.

यावर दस्तगीरभाई अडून बसले. "कणा जाड केला तर कांद्यात अडकंल. पातळ केला तर कैरीत मोडंल. दोनी एका सुरीत बसत न्हाय वहिनी. कांदा का कैरी, एक सांगा."

मी कांदा म्हणाले. कैरी वर्षातून एकदा, कांदा रोज. त्या वेळी हे उत्तर फार शहाणपणाचं वाटलं होतं.

राहिली मूठ. पहिल्या सुरीची मूठ दांडक्यासारखी गोल होती, ओल्या हातात फिरायची. दस्तगीरभाई म्हणाले, मुठीत काहीतरी मऊ दाबून द्या, त्यावर घडवतो. मी भाकरीच्या पिठाचा गोळा दाबून दिला. तो शेडमध्ये दोन दिवस त्या उन्हात राहिला, सुकून आक्रसला, तडकला. त्यांनी ज्वारीवर भरवसा ठेवून बरोब्बर तेवढीच मूठ कोरली. ती लहान मुलाच्या हाताची झाली. आम्ही दोघेही भाकरी खाऊन वाढलेले, पण ते पीठ वाळल्यावर काय करतं हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मग साबण सुचला. कपड्यांचा पिवळा वडीचा साबण. मी तो पाण्यात बुडवायची आणि सुरीसारखा मुठीत धरून चिरल्यासारखा हात हलवायची. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. साबण जिथे नको तिथे झिजायचा आणि जिथे हवा तिथे राहायचा. हळूहळू तर्जनीपाशी खळगा पडला, तळव्यात मावेल असा फुगवटा राहिला, करंगळीमागे वाकडं नाक आलं, हात घसरू नये म्हणून. मी काही ठरवलं नव्हतं. हात ठरवत होता. आत्याबाई म्हणायच्या, "कापडं न्हाय, काय न्हाय, बसल्या जागी साबण उगाळायलीय," पण दुसऱ्या दिवशी पाण्याचं भांडं त्याच भरून ठेवायच्या.

मुलाने गेल्या दिवाळीत सुनेला सुऱ्यांचा सेट आणून दिला. छान आहेत, हलक्या आहेत. सगळ्यांच्या मुठी सारख्या, कुणाच्याही हाताला बसतील अशा. सून त्या वापरते आणि माझी सुरी मलाच वापरू देते. हल्ली मलाही ती टोचते. बोटांचे सांधे धरलेत म्हणून असेल असं मी समजत होते. पण मध्ये एकदा ती नीट न्याहाळली, तर मूठ मधे फारच बारीक आहे. सुरी एवढी घट्ट कुणी धरत नाही. मी त्या साबणाला एवढं आवळलं होतं, आणि दस्तगीरभाईंनी ते आवळणंही जसंच्या तसं शिसवीच्या लाकडात उतरवलं. ती भीतीने धरलेली मूठ आहे. आता भीती गेली, तर ती हातात बसत नाही.

सुरी आली तेव्हा तिच्या मुठीच्या तोंडाशी पितळेची शेंबी बसवलेली होती, लाकूड फाटू नये म्हणून घालतात ती गोल कडी. दस्तगीरभाईंनी ती आत्याबाईंच्या पुढे केली. आत्याबाई मागे सरल्या. हत्यार हातोहात घ्यायचं नाही, भांडण होतं. "खाली ठेवा," त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "घे तू." आणि त्यांच्याच ध्यानात आलं की खाली ठेवलेलं मला घेता येत नाही. आत्याबाईंनी वाकून सुरी उचलली आणि पोळपाटावर, माझ्या प्लास्टरवर, ठेवली.

मी एक कांदा चिरला, मग दुसरा, मग मूठभर गवार, मग कोथिंबीर. पातं उतरत होतं आणि पोळपाटावर टकटक वाजत होतं. त्या आवाजाने मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांतलं पाणी कांद्याच्या नावावर खपवलं. पुढच्या दिवसांत आत्याबाई भाजीची पाटी न बोलता पलंगावर आणून ठेवू लागल्या. प्लास्टरवर कांद्याचे, कोथिंबिरीचे, हळदीचे डाग पडले. ते काढताना डॉक्टरांनी वास घेतला आणि विचारलं, "हे काय, फोडणी घातली होती का?"

पाय बाहेर आला तो वाळलेल्या शेवग्यासारखा. मी कुबडीवर उभी राहिले. यांनी गिरणीतून एक लाकडी खोकं आणलं, उलटं घातलं, त्यावर फळी ठोकली. "उंची बघ," म्हणाले. मी म्हटलं, थोडं वर पाहिजे. त्यांनी खाली विटा सरकवल्या. दोन दिवसांनी स्टोसुद्धा दुसऱ्या खोक्यावर चढला. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्यासाठी इतकं कधी केलं नव्हतं. मी फळीपाशी उभी राहून भाजी चिरू लागले, फोडणी टाकू लागले, भाकरी थापू लागले. शेजारणी बघायला यायच्या. "बाई उभ्यानं सैपाक करतीय की," म्हणायच्या. आत्याबाईंची मान ताठ व्हायची.

मृग लागायच्या सुमाराला आबा आले, माझे वडील. निरोप मिळाल्यावर त्यांनी प्लास्टर निघायची वाट बघितली होती. मोहोळच्या बाजारात त्यांची धान्याची आडत होती. ओळखीच्या टेम्पोत त्यांनी माझ्यासाठी गादी घालून आणली होती. पाणी पिऊन झाल्यावर ते आत्याबाईंना म्हणाले, "पोरीला घेऊन जातो. आमच्याकडं सगळी सोय केलीय." मग माझ्याकडे वळून जरा संकोचून म्हणाले, "मुलींच्या शाळंतल्या बाईंशी बोललोय. तू मॅट्रिक हायेस. मास्तरणीचा अभ्यास कर म्हणत्यात. उभं राहून शिकवायचं असतं, पायाची अडचण न्हाय."

असं काही असू शकतं हे माझ्या मनात त्या सगळ्या उन्हाळ्यात एकदाही आलं नव्हतं. मी इतके दिवस एकाच दारावर डोळे लावून होते, की ते मला बाहेर तर काढणार नाही ना.

आत्याबाई चटकन पुढे झाल्या. "न्यायचं कशाला आता? न्हाय न्हाय. ती गेली तर हितं कसं व्हायचं? सगळं तीच बगतीय की." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. लग्नाला तीन वर्षं झाली होती, त्यांत पहिल्यांदाच. "आमची सून आमाला जड न्हाय, आबा." हे दारात उभे होते, त्यांनीही मान हलवली.

हेच ऐकायला मी तडफडत होते. यासाठीच तो पुठ्ठा, तो साबण, सगळा आटापिटा. ते शब्द कानावर पडले आणि पुन्हा तशीच धास्ती बसली, त्या 'बघू'ने बसली होती तशी.

आबांनी फळीवरची सुरी उचलून बघितली, मुठीवरून बोट फिरवलं. "चांगली केलीस," ते म्हणाले. मग सुरी खाली ठेवून मला सरळ विचारलं, "सुमे, तू सांग. येतीस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आत्याबाईंचा हात अजून पाठीवर होता. मला हो म्हणायचं होतं. आज मी हे ठामपणे सांगू शकते, कारण आता त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण ज्या घरात राहता यावं म्हणून मी एवढी धडपड केली, ते घर मला ठेवून घेत असताना त्याला नको म्हणायचं कसं, हे मला येत नव्हतं. तशी शिकवणच हाताला नव्हती.

"आबा, जेवून जा," मी म्हणाले. "आत्ता कांदा चिरते."

आबा जेवले. झुणका, भाकरी, शेंगाची चटणी. जाताना त्यांनी टेम्पोतली गादी गुंडाळून ठेवली आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. मी उंबऱ्यापर्यंत कुबडीवर आले होते. आता मला या घरातून कुणीच घालवणार नव्हतं, कधीच नाही. टेम्पो वळला. मी आत आले, तोवर आत्याबाईंनी संध्याकाळचे दोडके फळीवर आणून ठेवले होते.

"शिरा काढून घे," त्या म्हणाल्या. "मी जरा पडते."